चिलीम, पाइप आणि तोंडातच राहणारा धूर

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबातील मुलाने विचारला आहे. त्याच्या वडिलांचे वय ६२ आहे. तरुणपणी ते बिडी ओढत असत. गेली ३५ वर्षे ते दिवसाला चार-पाच चिलमा ओढतात आणि जागलीवर, म्हणजे रात्री शेताची राखण करायला गेले की त्याहून जास्त. त्यांना सकाळी खोकला येतो, बेडका पडतो आणि टाळूवर पांढरटपणा दिसतो, पण ते तपासणीला तयार नाहीत. पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याने त्यांना लाकडी पाइप आणि सुवासिक तंबाखूचा डबा आणून दिला आहे. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत, त्यामुळे तो चिलमीपेक्षा निर्धोक आहे, असे त्याचे म्हणणे आहे. मुलाला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: वडिलांना पाइप घेऊ द्यावा का, आणि या वयात सगळेच सोडून काही उपयोग आहे का. जाता जाता त्याने असेही लिहिले आहे की, 'मी स्वतः ओढत नाही, फक्त खर्रा खातो.'

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन ठेवतो, म्हणजे पुढचे वाचेपर्यंत तो डबा उघडला जाणार नाही. पाइप घेऊ देऊ नये. आपल्या वडिलांसारख्या, आधी बिडी आणि नंतर चिलीम ओढलेल्या माणसाला पाइपपासून मिळणाऱ्या संरक्षणावर विसंबता येत नाही. उलट 'आता आपण कमी अपायाचे ओढतो' हे समाधान मिळाल्यामुळे सोडण्याचा विचार आणखी पाच-दहा वर्षे लांबतो, हे मी तालुक्याच्या गावी २७ वर्षे फिजिशियन म्हणून काम करताना अनेक घरांत पाहिले आहे.

भाच्याचे म्हणणे कोठून आले ते आधी पाहू, कारण त्यात थोडे तथ्य आहे आणि त्या थोड्या तथ्यामुळेच ते फसवे ठरते. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध विसाव्या शतकाच्या मध्यास ठामपणे पुढे आला. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तेथील सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख अधिकाऱ्याचा, १९६४ चा प्रसिद्ध अहवाल निघाला, तेव्हा त्यात सिगारेटविषयी अत्यंत स्पष्ट इशारा होता. पाइप ओढणाऱ्यांचा एकूण मृत्युदर मात्र न ओढणाऱ्यांपेक्षा फारसा वेगळा नाही, असे त्या वेळच्या आकड्यांवरून दिसत होते. त्याच अहवालाने पाइप आणि ओठाचा कर्करोग यांचा कार्यकारणसंबंध मान्य केला होता, पण ते वाक्य लोकांच्या लक्षात राहिले नाही. लक्षात राहिले ते एवढेच की पाइप बरा. अनेकांनी त्या काळात सिगारेट टाकून पाइप हाती घेतला आणि ती समजूत हळूहळू जगभर पसरली.

त्यानंतरची माहिती वेगळे सांगते. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने १९८२ मध्ये सुरू केलेल्या पाहणीतील १ लाख ३८ हजारांहून अधिक पुरुषांचा १८ वर्षांचा पाठपुरावा २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आयुष्यात केवळ पाइपच ओढलेल्या पुरुषांची तुलना तंबाखूला कधीही न शिवलेल्या पुरुषांशी केली होती. पाइप ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका सुमारे पाचपट, तोंड व घशाच्या कर्करोगाचा जवळजवळ चौपट, अन्ननलिकेच्या कर्करोगाचा सुमारे अडीचपट आणि स्वरयंत्राच्या कर्करोगाचा तेरापट आढळला. श्वसनमार्ग कायमचा अरुंद करणाऱ्या सी.ओ.पी.डी. या आजाराने मरण्याचा धोका तिप्पट होता. हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेला होता. सिगारेट ओढणाऱ्यांच्या तुलनेत यांतले बहुतेक आकडे लहान आहेत हे खरे आहे आणि मी ते लपवणार नाही. पण आपल्या वडिलांपुढे पाइप की सिगारेट असा प्रश्नच नाही. त्यांच्यापुढे पाइप आहे आणि काहीच न ओढणे आहे, म्हणून तुलना या दोहोंचीच करावी लागते.

आता 'धूर छातीत घेत नाहीत' या म्हणण्याकडे येतो. धूर छातीत न घेता माणसाला तंबाखूची तल्लफ भागवता येते, हे कसे शक्य होते? याचे उत्तर आपल्याकडच्या प्रत्येक पानठेल्यावर आहे. तंबाखू तळहातावर घेऊन त्यात चुना चोळतात तो चवीसाठी नव्हे. चुना अल्कधर्मी असतो आणि अल्कधर्मी अवस्थेत तंबाखूतील निकोटिन मोकळे होऊन गालाच्या आणि ओठाच्या अस्तरातून थेट रक्तात उतरते. सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो, त्यामुळे त्यातील निकोटिन तोंडात फारसे शोषले जात नाही आणि ओढणाऱ्याला धूर फुप्फुसापर्यंत न्यावाच लागतो. पाइपसाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक तंबाखूंचा धूर अल्कधर्मी असतो. म्हणजे चुन्याचे काम तेथे धूरच करतो. निकोटिन तोंडातूनच मिळते, म्हणून पाइप ओढणारा धूर तोंडात घोळवतो आणि सोडून देतो. व्यसन असेही जडते, आणि ज्या डांबरी पदार्थांमुळे कर्करोग होतो ते पदार्थ जीभ, टाळू, हिरड्या, घसा यांवर थर धरून बसतात आणि थुंकीबरोबर गिळले जाऊन अन्ननलिकेवरून खाली जातात. वर दिलेल्या आकड्यांत तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका ठळकपणे का येतात, ते यावरून समजावे. धूर जेथे थांबतो तेथे त्याचे काम करतो.

शिवाय 'छातीत घेत नाही' असे सांगणाऱ्यांच्या छातीत तो थोडाफार जातोच. तोंडात धूर असताना माणूस श्वास थांबवून बसत नाही, आणि पाइपच्या जळत्या वाडग्यातून उठणारा धूर नाकासमोरच असतो. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाइप व सिगार ओढणाऱ्यांच्या लघवीत निकोटिनचा अंश वाढलेला आढळला आणि त्यांच्या फुप्फुसांची हवा बाहेर टाकण्याची क्षमता घटलेली दिसली. ज्यांनी कधीच सिगारेट ओढली नव्हती अशांतही श्वासमार्ग अरुंद झालेल्यांचे प्रमाण जास्त होते.

चिलमीची गोष्ट याहून कठीण आहे. पाइप दातांत धरून संथपणे ओढला जातो. चिलीम उभी धरावी लागते, खालच्या तोंडाला ओली छापी, म्हणजे कापडाचा तुकडा, गुंडाळावी लागते, दोन्ही हातांची मूठ बांधून तिच्यातून जोराने ओढावे लागते, नाहीतर वरचा इंगळ पेट धरत नाही. इतक्या जोराने ओढलेला धूर तोंडात थांबत नाही, तो सरळ छातीत उतरतो. म्हणजे पाइप ओढणाऱ्याच्या तोंडाला होणारे नुकसान आणि बिडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसाला होणारे नुकसान अशी दोन्ही नुकसाने चिलमीत एकत्र येतात. ओल्या छापीमुळे धूर गार लागतो आणि तंबाखूचा चुरा व थोडे डांबर तिच्यात अडकते. छापी पिवळी-काळी झालेली पाहून 'घाण सगळी येथेच राहिली' असे लोकांना वाटते. पण कार्बन मोनॉक्साइड आणि बाकीचे विषारी वायू कापडाने अडत नाहीत, आणि गार लागणारा धूर माणूस अधिक खोल ओढतो. पाइपमधल्या कागदी किंवा कोळशाच्या गाळणीलाही हेच लागू आहे.

प्रमाणाचाही विचार करावा. एका बिडीत साधारण ०.२ ग्रॅम तंबाखू असतो. पाइपच्या एका भरणीत तो १ ते ३ ग्रॅम मावतो, म्हणजे पाच ते पंधरा बिड्यांइतका. चिलमीत किती भरतात हे हातावर अवलंबून असते, पण 'मी दिवसाला चारच ओढतो' हे वाक्य ऐकल्यावर मी रुग्णाला खिशातली तंबाखूची पुडी टेबलावर ठेवायला सांगतो आणि ती किती दिवस पुरते ते विचारतो. संख्या विचारण्यापेक्षा पुडी खरे सांगते. आपणही वडिलांच्या बाबतीत हेच करावे.

टाळूवरच्या पांढरटपणाविषयी मला सर्वांत जास्त काळजी वाटते, म्हणून त्याविषयी सावकाश लिहितो. पाइप आणि चिलीम ओढणाऱ्यांच्या टाळूवर वर्षानुवर्षे गरम धुराचा मारा होतो. त्यामुळे टाळूचे अस्तर जाड व पांढरट होते आणि त्यात लाल ठिपके दिसू लागतात. ते ठिपके म्हणजे लाळेच्या लहान ग्रंथींची सुजलेली तोंडे होत. हा प्रकार 'धूम्रपानाची टाळू' म्हणून दंतवैद्यांच्या परिचयाचा आहे. कवळी लावणाऱ्या माणसात कवळीखालचा भाग स्वच्छ आणि बाकीचा पांढरा दिसतो, इतका त्याचा धुराशी थेट संबंध असतो. हा बदल सहसा कर्करोगात रूपांतरित होत नाही आणि ओढणे थांबवल्यावर काही आठवड्यांत निवळतो. याउलट जिभेच्या कडेला, जिभेखाली, गालाच्या आत किंवा ओठांच्या कोपऱ्यात उठणारा, बोटाने पुसला न जाणारा पांढरा चट्टा वेगळा असतो. त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. मखमलीसारखा लाल चट्टा तर त्याहून धोक्याचा असतो. यांपैकी वडिलांना काय आहे, हे फोटोवरून सांगता येणार नाही आणि घरी आरशात पाहूनही कळणार नाही. उजेडात, आरसा आणि बोट दोन्ही वापरून तपासावे लागते, आणि शंका असली तर चिमूटभर तुकडा काढून तपासणीला पाठवावा लागतो.

दुर्लक्षाची किंमत काय असते ते मी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे साठीच्या घरातले एक सालदार आले होते. जिभेच्या कडेला जखम होऊन सात महिने झाले होते. ती 'उष्णतेने' झाली आहे, असे सांगून गावाजवळच्या एका ठिकाणी त्यांना या सात महिन्यांत मलम आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळत राहिल्या. दात घासून टोकदार झाला आहे, तो जिभेला लागतो, असेही कोणीतरी सांगितले होते. मी मानेला हात लावला तेव्हा गाठी लागल्या. जखम दुखत नव्हती म्हणून त्यांनी मनावर घेतले नव्हते. सुरुवातीचा कर्करोग सहसा दुखत नाही, हे मी तेव्हापासून तंबाखू घेणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगतो. तोंडात कुठेही, दुखो अथवा न दुखो, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा चट्टा असेल, तर त्याला उष्णता म्हणून सोडून देऊ नये.

ओठाविषयी एक जुनी नोंद सांगण्यासारखी आहे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ सोमरिंग याने १७९५ मध्येच लिहून ठेवले होते की, पाइप ओढणाऱ्यांच्या खालच्या ओठाला कर्करोग होताना दिसतो. तंबाखूच्या दुष्परिणामांविषयीच्या आरंभीच्या वैद्यकीय नोंदींपैकी ती एक आहे आणि ती पाइपविषयी आहे. खालच्या ओठाला उन्हाचाही त्रास होतो. दिवसभर वावरात काम करणाऱ्या आणि चिलीम ओढणाऱ्या माणसाच्या ओठावर ऊन आणि धूर असे दोन्ही पडते. आपल्या पूर्वेला, आंध्र प्रदेशाच्या उत्तर किनारपट्टीवर, पेटते टोक तोंडात धरून चुट्टा ओढण्याची पद्धत आहे. तेथे एरवी दुर्मीळ असलेला टाळूचा कर्करोग मोठ्या प्रमाणात आढळतो. तंबाखूच्या जोडीला उष्णता आली की तोंडाचे काय होते, याचे हे ठळक उदाहरण आहे. दात आणि हिरड्यांविषयी इतकेच सांगतो की धुरामुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा आक्रसतो, दाताभोवतीचे हाड झिजते, आणि रक्त कमी येत असल्यामुळे आजार झाकलेला राहतो. दात एकामागून एक हलू लागतात तेव्हाच तो लक्षात येतो.

सकाळच्या खोकल्याचे कारण बहुधा श्वासनलिकांत आहे. श्वासनलिकांच्या आतून बारीक केसांसारखे तंतू असतात आणि ते कचरा व कफ वर ढकलतात. धुराने ते लुळे पडतात आणि नष्टही होतात. मग रात्रभर साठलेला बेडका सकाळी खोकून काढावा लागतो. पुढे नळ्या अरुंद होतात आणि चढावर किंवा पोते उचलताना धाप लागू लागते. आपल्याकडे हा सी.ओ.पी.डी.चा आजार अनेकदा 'दमा' म्हणून सांगितला जातो, पण दमा कमी-जास्त होतो आणि हा आजार फक्त वाढत जातो. गेलेली क्षमता परत येत नाही. ओढणे थांबवले तर पुढची घसरण मात्र मंदावते. फुंकून करायची स्पायरोमेट्री नावाची साधी तपासणी आहे, ती करून घ्यावी. खोकला दोन आठवड्यांहून जास्त दिवसांचा असल्यामुळे थुंकीची क्षयरोगासाठीची तपासणीही करावीच लागेल. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. धूम्रपान करणाऱ्याला क्षयरोग होण्याचा धोका न करणाऱ्याच्या दुपटीहून थोडा जास्त असतो. चिलीम तर एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती फिरते. चार माणसे शेकोटीभोवती डोक्याला डोके लावून बसतात, खोकतात आणि तीच छापी ओठाला लावतात. क्षयरोग हवेतून पसरतो, छापीतून नव्हे, पण अशा बैठकीतील जवळीक त्याला पुरेशी असते.

हृदयाविषयी थोडक्यात: कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा घेतो, निकोटिन नाडी वाढवते आणि रक्तवाहिन्या आक्रसते. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर हे सगळे अनेक पटींनी महाग पडते. पायाकडे मात्र मुद्दाम लक्ष द्यावे. चालताना पोटरीत गोळा येऊन थांबावे लागते का, पायाची बोटे गार आणि निळसर पडतात का, टाचेला किंवा अंगठ्याला लागलेली धसकट-काट्याची जखम आठवडेच्या आठवडे भरत नाही का, ते पाहा. लिओ बर्गर याने १९०८ मध्ये वर्णन केलेला आणि आज त्याच्या नावाने ओळखला जाणारा रक्तवाहिन्यांचा एक आजार आहे. तो बहुतकरून तंबाखू ओढणाऱ्या तरुण पुरुषांना होतो आणि आपल्या भागात बिडी ओढणाऱ्यांमध्ये दिसतो. त्यात बोटे काळी पडून काढावी लागतात. त्याच्यावर औषधे आहेत, शस्त्रक्रिया आहेत, पण तंबाखू पूर्ण थांबवल्याखेरीज तो थांबत नाही. दिवसाला एक-दोन बिड्या चालू ठेवल्या तरी तो पुढे सरकत राहतो.

घरातल्या इतरांचाही विचार करायला हवा. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण असलेली कुटुंबे बरीच आहेत. सिकलसेलच्या रुग्णाला तीव्र वेदनांचे झटके आणि छातीत अचानक उद्भवणारी जीवघेणी गुंतागुंत, या दोन्हींना धूर कारण ठरतो. स्वतः ओढला तरी आणि दुसऱ्याचा नाकात गेला तरी. घरात असे मूल असेल तर घराच्या आत आणि ओसरीवर धूर होता कामा नये. चुलीचा धूर आधीच असतो, त्यात भर नको.

पाइपवर बदली करण्याने काही साधते का, याचे सर्वांत नेमके उत्तर १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. सिगारेट सोडून पाइप किंवा सिगारकडे वळलेले पुरुष आणि मुळापासून फक्त पाइप-सिगारच ओढणारे पुरुष यांची त्यात तुलना केली होती. दोघांचे तंबाखूचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते, पण सिगारेटवरून आलेल्यांच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड जास्त आढळला, कारण धूर छातीत ओढण्याची त्यांची सवय पाइपबरोबर पुढे आली होती. धूम्रपानाशी निगडित तीन मुख्य आजारांनी मरण्याचा त्यांचा धोका मुळापासून पाइप ओढणाऱ्यांपेक्षा दीडपट होता. अशा माणसांनी सिगारेट चालू ठेवणाऱ्यांपेक्षा काही फायदा मिळवला, पण पूर्ण सोडणाऱ्यांइतका नाही. आपल्या वडिलांची छाती ४० वर्षांहून अधिक काळ धूर ओढायला शिकलेली आहे. त्यांच्या हातात पाइप दिला तर तो ते चिलमीसारखाच ओढतील. सुवासिक तंबाखूत घातलेल्या गोडव्याचाही भरवसा धरू नये. साखर जळली की तिच्यातून श्वासनलिकांना झोंबणारे वेगळे पदार्थ तयार होतात, आणि वास गोड असल्यामुळे घरातले लोकही धुराला हरकत घेत नाहीत.

आता 'या वयात सोडून काय उपयोग' याकडे येतो. ब्रिटनमधील डॉक्टरांच्या १९५१ पासून चाललेल्या प्रदीर्घ अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्यांबाबत असे आढळले की, तिशीत सोडणाऱ्याला सुमारे १० वर्षांचे, चाळिशीत सोडणाऱ्याला ९, पन्नाशीत ६ आणि साठीत सोडणाऱ्याला सुमारे ३ वर्षांचे आयुष्य परत मिळते. तीन वर्षे ही सरासरी आहे. ज्यांना कर्करोग किंवा झटका टळतो त्यांच्या बाबतीत ती कितीतरी जास्त असतात. शरीरातील कार्बन मोनॉक्साइड एका दिवसात उतरतो. हृदयविकाराचा वाढीव धोका वर्षभरात साधारण निम्मा होतो. तोंडाच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका उतरायला पाच ते दहा वर्षे लागतात, म्हणून आज थांबणे आणि पुढच्या दिवाळीनंतर थांबणे यांत फरक आहे.

सोडायचे कसे, हे आमच्या व्यवसायात पुरेसे सांगितले जात नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. 'तंबाखू बंद करा' असे कागदावर लिहून दिले की आपले काम झाले असे आम्ही मानतो. वडील चिलीम कधी ओढतात ते आधी लिहून काढा. बहुतेकांची पहिली चिलीम पहाटे शौचाला जाण्यापूर्वीची असते, कारण 'ती ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही.' ही तक्रार खरी आहे. निकोटिन आतड्यांना चालना देते आणि ते बंद झाल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठता होते. हे त्यांना आधीच सांगून ठेवले आणि कोमट पाणी, पालेभाजी, फळे व गरज पडल्यास इसबगोल दिले, तर माणूस यासाठी परत चिलमीकडे जात नाही. दुसरी गोष्ट खोकल्याची. सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला आणि बेडका वाढल्यासारखा वाटतो, कारण श्वासनलिकांतील तंतू पुन्हा कामाला लागतात. 'सोडली तर जास्तच खोकला येतो' म्हणून पुन्हा सुरू करणारे मी बरेच पाहिले आहेत. चिडचिड, झोप न लागणे, हात रिकामे वाटणे हे पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वांत जास्त असते आणि तीन-चार आठवड्यांत ओसरते.

निकोटिनचा च्युइंगम मिळतो, २ आणि ४ मिलिग्रॅमचा, पण तो गोळीसारखा किंवा नेहमीच्या गमसारखा चघळत राहिला तर निकोटिन गिळले जाते, उचकी व मळमळ होते आणि माणूस तो टाकून देतो. थोडा चावावा, जिभेला झणझण जाणवली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवावा, चव गेली की पुन्हा चावावा. त्याआधी पंधरा मिनिटे चहा पिऊ नये, कारण चहाने तोंडातील आम्लता बदलते आणि निकोटिन शोषले जात नाही. चुन्याचे जे सांगितले तेच येथे उलट्या दिशेने घडते. तोंडात जखमा असतील किंवा हृदयविकार असेल तर गम डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. त्वचेवर लावायच्या पट्ट्या आणि पोटात घ्यायची औषधेही आहेत; ती मात्र तपासणीनंतरच. शासनाची १८००-११-२३५६ ही तंबाखूमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे आणि तिच्यावर समुपदेशक बोलतात.

जागलीचे काय करायचे, हा खरा अवघड भाग आहे. थंडीची रात्र, रानडुकरे आणि रोही, मचाणावर एकटा माणूस, आणि शेजारच्या शेताच्या बांधावरून येणारी हाक. तेथे चिलीम ही सोबत असते. म्हणून पहिले दोन महिने जागलीवर त्यांच्यासोबत कोणीतरी जावे, थर्मासमध्ये चहा द्यावा, आणि शेजारच्या जागल्यांशी आपण स्वतः आधीच बोलून ठेवावे की बाबांपुढे चिलीम करू नका. एकत्र ओढणारी माणसे एकत्रच सोडू शकतात, असा माझा अनुभव आहे. गडचिरोलीत २०१६ पासून चाललेल्या मुक्तिपथ उपक्रमाने दारू आणि तंबाखू या दोन्हींविरुद्धचे काम गाव एकत्र करून उभे केले, त्यामागेही हाच विचार आहे. चिलीम, छापी आणि भाच्याने दिलेला डबा घरातून बाहेर गेला पाहिजे. 'पाहुण्यांसाठी ठेवू' असे म्हणू नये.

तपासणीला ते तयार नाहीत, याचे कारण बहुधा भीती आहे. कर्करोग निघेल ही भीती. त्यांना 'कर्करोगाची तपासणी' असे म्हणू नका. दात हलतात का ते दाखवायला चला, असे म्हणा, ते खोटेही नाही. जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात ३० वर्षांवरील सर्वांची तोंडाची तपासणी, रक्तदाब आणि साखर यांची तपासणी होते. तेथे संशय वाटला तर यवतमाळचे वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय किंवा राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय यांपैकी सोयीच्या ठिकाणी जावे. कर्करोगाच्या उपचारांचा महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत समावेश आहे, त्यामुळे खर्चाच्या धास्तीने थांबू नये. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्यावे. आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसला असेल, घास अडकत असेल, मानेत गाठ लागत असेल, थुंकीत रक्त येत असेल किंवा कारण नसताना वजन उतरले असेल, तर या आठवड्यातच जावे.

शेवटी आपल्या स्वतःच्या वाक्याविषयी. '२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात तंबाखू ओढणारे प्रौढ ३.८ टक्के आढळले आणि न जाळता खाणारे २४.४ टक्के, आपण त्या दुसऱ्या गटात आहात', हे मी माझ्या दवाखान्यात प्रत्येक खर्रा खाणाऱ्याला सांगतो. खऱ्ऱ्यात तंबाखू, चुना आणि सुपारी तिन्ही असतात. सुपारीमुळे गालाच्या आतले अस्तर ताठ होत जाते, तिखट सहन होईनासे होते, तोंड उघडायचे कमी होते आणि पुढे त्याच ताठ अस्तरावर कर्करोग होऊ शकतो. आपली मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून पाहा. ती जात नसतील तर हा बदल सुरू झालेला आहे असे समजा. वडिलांना दंतवैद्याकडे न्याल तेव्हा दोन चिठ्ठ्या काढा, एक त्यांच्या नावाची आणि एक आपल्या, आणि आधी आपले तोंड तपासून घ्या. मुलगा खुर्चीत बसलेला पाहिल्यावर वडील बसायला तयार होतात, हे माझ्यासमोर अनेकदा घडले आहे.